आधी कळ थांबवा, मग घास भरवा

पत्र

सिस्टर, माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. गेल्या वर्षी त्याला रक्ताचा कर्करोग निघाला, डॉक्टर एएलएल म्हणतात. उपचार मुंबईला चालू आहेत. किमोच्या पिवळ्या औषधाची, मेथोट्रेक्सेटची, दुसरी सायकल संपवून आम्ही तासगावला घरी आलो आणि दोन दिवसांत त्याचं तोंड आलं. जिभेला, गालाच्या आतून, ओठाला, सगळीकडे फोड. दूधसुद्धा झोंबतं म्हणतो. काल दिवसभरात दोन-चार चमचे पाणी प्यायला असेल. ब्रश केला की रक्त येतं म्हणून मी ब्रश बंद केलाय. सासूबाई म्हणतात किमोची उष्णता बाहेर पडतेय, जाईचा पाला चावायला दे, मध लाव. दीर बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि तोंडात लावायचं जेल घेऊन आलेत. रुग्णालयातून दुखण्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्यात, पण नाव वाचूनच मी त्या कपाटात ठेवून दिल्या. एवढ्याशा पोराला सवय लागली तर? तो माझ्याशी बोलत नाही, भिंतीकडे तोंड करून पडतो. पुढची सायकल आठवड्यावर आलीय आणि माझी हिंमत होत नाही. मी त्याचे हाल करतेय का?

— एक आई, तासगाव

उत्तर

प्रिय ताई,

तुमचं पत्र वाचलं आणि लगेच तुम्ही दिलेल्या नंबरवर निरोप पाठवला: ताप बघा आणि उपचार चालू आहेत त्या रुग्णालयाला आत्ताच फोन करा. सदर छापून येईपर्यंत थांबण्यासारखी ही गोष्ट नव्हती. दिवसभरात दोन-चार चमचे पाणी एवढंच पोटात जात असेल, तर त्या मुलाला सलाईनची गरज असू शकते. शिवाय मेथोट्रेक्सेट लघवीवाटे शरीराबाहेर जातं. पाणी कमी पडलं की ते जास्त वेळ अंगात रेंगाळतं आणि तोंड आणखी सोलतं. इथे सविस्तर लिहितेय, कारण तुमच्या पुढच्या सायकली अजून व्हायच्या आहेत आणि असंच पोर मांडीवर घेऊन बसलेल्या आणखी कितीतरी आया हे वाचत असतील.

तुम्ही खाण्याबद्दल, मधाबद्दल, ब्रशबद्दल विचारलंत. मला आधी कपाटातल्या गोळ्यांबद्दल बोलायचंय.

मुलांच्या कर्करोग विभागात नोकरी करताना मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. घरचे सगळे घास भरवायच्या मागे लागतात. चमचा तोंडाशी नेला की मूल ओठ घट्ट मिटतं, आई रडते, आजी रागावते, मग मूलही रडतं आणि त्या रडण्यानं तोंड आणखी दुखतं. या सगळ्यात दुखणं कमी करायचं राहूनच जातं. कळ थांबल्याशिवाय ते मूल चूळ भरणार नाही, चूळ भरल्याशिवाय तोंड स्वच्छ होणार नाही आणि गिळता आल्याशिवाय पाणीही पोटात जाणार नाही. म्हणून आधी दुखण्याचं औषध, मग अर्धा-पाऊण तास थांबायचं, मग चूळ, मग पाणी आणि खाणं सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा झाला की घरातल्या सगळ्यांचं बळ वाया जातं.

मॉर्फिनच्या नावाची भीती तुम्हालाच वाटते असं नाही. बऱ्याच घरांत हे नाव व्यसनाच्या किंवा शेवटच्या दिवसांच्या बातमीसारखं ऐकलं जातं. पण किमोमुळे आलेलं तोंड हे फार तीव्र दुखणं आहे. त्यावर साधं पॅरासिटामॉल पुष्कळदा पुरत नाही आणि ब्रुफेनसारख्या गोळ्या या मुलांना चालत नाहीत, कारण त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो आणि मेथोट्रेक्सेट शरीराबाहेर जाण्यात अडथळा येतो. मुलांच्या तीव्र वेदनेसाठी मॉर्फिन वापरावं असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१२ सालच्या मार्गदर्शनात स्पष्ट सांगितलंय. आपल्याकडे २०१४ साली अमली पदार्थांचा कायदा बदलला, तोही अशा रुग्णांना हे औषध सुलभ मिळावं म्हणून. दुखण्यासाठी, डॉक्टरांनी वजनावर ठरवून दिलेल्या मात्रेत, थोड्या दिवसांसाठी घेतलेल्या मॉर्फिननं मुलाला व्यसन लागत नाही. तोंड भरून आलं की डॉक्टरच ते कमी करून थांबवतात.

पहिली गोळी देण्याआधी मात्र वॉर्डात फोन करून विचारा. काल किती पाणी प्यायला, लघवी किती वेळा झाली, हे त्यांना सांगा, कारण लघवी कमी असेल तर मात्रा बदलावी लागते. डिस्चार्ज कार्डावर ‘लागलं तर’ असं लिहिलं असेल, तर ‘ठरलेल्या तासांनी देऊ का?’ असं सरळ विचारा. फोड ताजे असताना दुखणं दिवसभर असतंच, मग औषधही घड्याळाप्रमाणे दिलेलं बरं पडतं. गोळी कुटून द्यायची झाली तर तेही आधी विचारून घ्या, कारण मॉर्फिनच्या काही गोळ्या हळूहळू विरघळणाऱ्या असतात आणि त्या कुटायच्या नसतात. या औषधानं शौचाला खडा होतो, त्यासाठीचं पातळ औषध सोबत मागून घ्या. पहिले एक-दोन दिवस गुंगी येते. पण हाका मारूनही नीट जागा होत नसेल किंवा श्वास फार संथ वाटत असेल, तर पुढची मात्रा न देता लगेच दवाखाना गाठा. गोळ्या कपाटात ठेवल्यात ते बरोबरच केलंत, कुलपातच राहू देत, फक्त वेळेवर बाहेर काढा.

आता सासूबाईंच्या उष्णतेबद्दल. त्यांना वाटतं तसं काही बाहेर पडत नाहीये. आपल्या तोंडाच्या आतलं अस्तर साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत नवं होत असतं. खालून ताज्या पेशी तयार होतात, वरच्या झडून जातात. मातीच्या घरात जमीन वरचेवर सारवावी लागते, नाहीतर भेगा पडतात, तसंच हे. भराभर वाढणाऱ्या पेशी थोपवणं हे किमोचं काम. कर्करोगाच्या पेशी तशाच वाढतात, पण तोंडाच्या, आतड्याच्या आणि केसांच्या मुळाशी असलेल्या निरोगी पेशीही भराभर वाढतात, म्हणून त्याही सापडतात. काही दिवस नवं सारवण होत नाही आणि अस्तर फाटतं. म्हणूनच हे फोड किमोच्या दिवशी दिसत नाहीत, पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमाराला दिसतात, आणि काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, वर यायला लागले की दोन-तीन आठवड्यांत भरून येतात. नेमक्या त्याच दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशीही तळाला गेलेल्या असतात. जखम उघडी आणि जंतूंशी लढणाऱ्या पेशी कमी, या जोडीमुळे हे तोंड आपल्या नेहमीच्या तोंड येण्यापेक्षा वेगळं आणि जास्त जोखमीचं ठरतं.

म्हणून जाईचा पाला नको. तुमच्या-माझ्या तोंडाला तो चालतो, पिढ्यान्‌पिढ्या लोक चावत आलेत. पण कच्च्या पानावर माती असते, बुरशी असते, आणि या मुलाच्या तोंडातून ते थेट रक्तात जाऊ शकतं. घरचा मध, ओली हळद, पेरूचा पाला यांचंही तेच. तुरटी आणि टाकणखार तर मुळीच नको. टाकणखार पोटात गेला तर विषारी आहे, आणि सहा वर्षांचं पोर तो गिळणारच. सासूबाईंना हे समजावताना ‘तुमचं चुकलं’ असं म्हणू नका. त्यांना घड्याळाचं काम द्या. दर चार तासांनी चूळ भरली का हे बघायला घरात एक खमकं माणूस लागतं, आणि आजीइतकं नेमानं ते कुणी करत नाही.

दिरांनी आणलेल्या बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या बाजूला ठेवा, यावर जरा थांबून सांगते. तोंड आलं की बी-कॉम्प्लेक्स, हे आपल्याकडे घरोघरी पाठ असतं. पण त्या गोळीत पुष्कळदा फॉलिक अ‍ॅसिड असतं आणि मेथोट्रेक्सेटचं सगळं काम त्याच्याच विरोधात चालतं. पेशीला एकाच्या दोन व्हायला फॉलिक अ‍ॅसिड लागतं, मेथोट्रेक्सेट त्याचा वापर अडवतं. या गोष्टीची एक कडी मुंबईत परळला आहे. लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर १९२८ साली मुंबईत आल्या आणि गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांचा पांडुरोग कशानं होतो ते शोधू लागल्या. हाफकिन संस्थेत काम करताना त्यांना आढळलं की यीस्टच्या अर्कानं तो बरा होतो. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फॉलिक अ‍ॅसिड म्हणून ओळखला गेला. मग अमेरिकेत गेलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव या आपल्या आंध्रच्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली फॉलिक अ‍ॅसिडला अडवणारी औषधं तयार झाली, आणि १९४८ साली बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी अशाच एका औषधानं रक्ताच्या कर्करोगाची मुलं काही काळ का होईना सुधारल्याचं जगाला दाखवलं. त्याआधी या मुलांसाठी डॉक्टरांच्या हातात काहीच नव्हतं. तुमच्या मुलाला लागणारी पिवळी बाटली त्याच घराण्यातली आहे.

त्या बाटलीनंतर ठरलेल्या तासांनी जे ल्युकोव्होरिन देतात, ते फॉलिक अ‍ॅसिडचंच तयार रूप आहे. निरोगी पेशींना सोडवण्यासाठी ते दिलं जातं, पण किती आणि कधी हे रक्तातली मेथोट्रेक्सेटची लेव्हल बघून ठरतं. आपण घरी बी-कॉम्प्लेक्स देणं म्हणजे तो हिशेब आपल्या हातानं बिघडवणं. उलट बाजूनं, ल्युकोव्होरिनचा एखादा डोस घरी घ्यायचा राहिला असेल, रात्री उठवावंसं वाटलं नाही किंवा औषध उलटून पडलं, तर लाजू नका, आजच्या आज डॉक्टरांना सांगा. तोंड जास्त येण्यामागे ते कारण असू शकतं. आणि गावातल्या डॉक्टरांनी या दिवसांत दुसरं कोणतंही औषध लिहून दिलं, अगदी पित्ताची साधी गोळी असली तरी, मुंबईला विचारल्याशिवाय सुरू करू नका. काही नेहमीच्या गोळ्यांनीही मेथोट्रेक्सेट अंगात अडकून राहतं.

जेलचंही तसंच. दुकानात मिळणाऱ्या काही जेलमध्ये अ‍ॅस्पिरिनच्या जातीचं औषध असतं, काहींमध्ये बधिर करणारं लिग्नोकेन असतं. पहिलं लहान मुलांना, त्यातही प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, कमी असताना, देऊ नये. दुसऱ्यानं घसा बधिर होऊन घास श्वासनलिकेत जाऊ शकतो आणि जास्त पोटात गेलं तर झटके येऊ शकतात. कर्करोगाच्या डॉक्टरांनी लिग्नोकेन दिलं असेल, तर त्यांनी सांगितलेल्या जागी, सांगितलं तेवढंच.

चूळ घरीच बनवता येते आणि महागड्या माउथवॉशपेक्षा ती बरी. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट एक छोटा चमचा मीठ आणि सपाट एक छोटा चमचा खाण्याचा सोडा. खाण्याचाच सोडा आहे ना, पुडीवर नीट वाचून घ्या. धुण्याचा सोडा सारखाच दिसतो आणि तोंड भाजून काढतो. हे पाणी रोज सकाळी ताजं करा, रात्री उरलेलं ओतून द्या. दर चार तासांनी, काही खाल्लं की आणि झोपताना, अर्धा मिनिट तोंडात खुळखुळवून थुंकायचं. गिळायचं नाही. झोंबलं तर पाणी घालून आणखी फिकं करा. दारू असलेले माउथवॉश, झोंबणारी पेस्ट, दंतमंजन, राखुंडी काहीही नको.

ब्रश बंद केलात त्यामागची तुमची माया मला समजते, तरी तो पुन्हा सुरू करायला हवा. दातांवर साठलेल्या थरात जंतू वाढतात आणि शेजारी जखम उघडी असते. लहान मुलांचा सगळ्यात मऊ ब्रश घ्या, तो कोमट पाण्यात थोडा वेळ भिजवा म्हणजे केस आणखी मऊ होतील, आणि दुखण्याचं औषध लागू पडल्यावर दिवसातून दोनदा फक्त दातांवरून अलगद फिरवा. तेही सहन होत नसेल तर हात साबणानं धुऊन, स्वच्छ गॉझचा तुकडा सोडा-मिठाच्या पाण्यात बुडवून, बोटाला गुंडाळून दात पुसा. जरासं रक्त दिसणं या दिवसांत होतंच. गार पाण्यात भिजवलेला गॉझ दहा मिनिटं दाबून धरूनही थांबलं नाही तर प्लेटलेट बघायला हव्यात, तेव्हा दवाखाना. ओठांना साधं व्हॅसलीन लावा. ओठावरच्या खपल्या ओढून काढू नका, त्यालाही काढू देऊ नका.

बॅटरी घेऊन दिवसातून एकदा त्याच्या तोंडात बघा. दुधाच्या सायीसारखे पांढरे चट्टे दिसले आणि ते पुसून जात नसले, तर ती बुरशी असू शकते. पाण्यानं भरलेले बारीक फोडांचे पुंजके दिसले तर नागिणीच्या जातीतल्या विषाणूचा संसर्ग असू शकतो. दोन्हीवर औषधं आहेत, पण दुकानातून आपल्या मनानं आणू नका. बुरशीच्या काही गोळ्या विन्क्रिस्टिन या किमोच्याच दुसऱ्या औषधाबरोबर फार वाईट जुळतात, आणि विन्क्रिस्टिन तुमच्या मुलाच्या फाइलमध्ये जवळपास नक्कीच असेल.

तापाचं मात्र तोंडपाठ करून ठेवा. काखेत थर्मामीटर लावा. तोंडात नको, जखमा आहेत, आणि गुदद्वारातूनही नको, कारण हे अस्तर तोंडापासून तिथपर्यंत एकच आहे आणि सगळीकडे नाजूक झालेलं असतं. त्याच कारणानं एनिमा किंवा खालून द्यायची औषधंही वर्ज्य. १००.४ फॅरेनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस किंवा वर गेलं की सकाळ होण्याची वाट बघू नका. पॅरासिटामॉल देऊन ताप उतरतो का बघू, असंही करू नका, त्यानं फक्त ताप झाकला जातो. म्हणून दुखण्याच्या औषधाच्या प्रत्येक मात्रेआधी ताप मोजा. मुंबईला निघण्यात वेळ घालवू नका. सांगली-मिरज तुम्हाला जवळ आहे, मुलांचे डॉक्टर असलेलं मोठं रुग्णालय तिथे गाठा, फाइल दाखवा, ‘किमो चालू आहे, काउंट कमी असतील’ हे दारातच सांगा आणि मुंबईच्या डॉक्टरांशी त्यांचं फोनवर बोलणं करून द्या. शिरेतून अँटिबायोटिक पहिल्या तासात सुरू व्हायला हवं. कुणी कमरेत इंजेक्शन द्यायला निघालं तर ‘प्लेटलेट बघितल्याशिवाय नको’ म्हणून नम्रपणे पण ठाम थांबवा. ताप नसला तरी सहा-आठ तासांत लघवी झाली नाही, स्वतःची लाळही गिळवत नाही, हुडहुडी भरली, श्वासाला त्रास होतोय, पोट फार दुखतंय किंवा शौच काळी होतेय, तर घरी थांबायचं नाही.

कळ आटोक्यात आली की खाण्याकडे वळा, पण अपेक्षा कमी ठेवा. पहिल्या दिवशी पाणी पोटात गेलं तरी खूप झालं. दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन घोट, स्ट्रॉनं सोपं जातं का बघा. मग गार किंवा कोमट, मऊ, बिनतिखट असं काहीही: गुरगुट्या भात पातळ करून वर तूप, मुगाचं कढण, रव्याची किंवा साबुदाण्याची खीर, दुधातलं नाचणीचं सत्त्व, कुस्करलेलं केळं, उकडलेला बटाटा दुधात घोटून, पूर्ण शिजलेलं अंडं मऊ करून. मीठ थोडं कमीच घाला, तेही झोंबतं. चांगल्या कंपनीचं बंद कपातलं आइस्क्रीम चालतं आणि त्यानं तोंडाला बरंही वाटतं. सर्दी होईल म्हणून अडवू नका. गाडीवरचा बर्फाचा गोळा मात्र नको. लिंबू, संत्रं, टोमॅटो, चिंच, ताकातली आंबील, फरसाण, कडक भाकरी हे सगळं तोंड भरून येईपर्यंत बंद. अन्न ताजं शिजवलेलं, दूध उकळलेलं, आणि ताटात उरलेलं पुन्हा द्यायचं नाही. दह्याचा नियम रुग्णालयागणिक वेगळा असतो, तुमच्या आहारतज्ज्ञांना विचारा.

इतकं करूनही दोन-तीन दिवस पोटात काही जात नसेल आणि डॉक्टरांनी नाकातून नळी घालायची म्हटलं, तर घाबरून नाही म्हणू नका. किती आयांना ती नळी म्हणजे सगळं संपल्याची खूण वाटते. प्रत्यक्षात त्या बारीक नळीनं मुलाची सुटका होते. पोट भरतं, औषधं कडू न लागता जातात, वजन टिकतं आणि घरातलं चमच्याचं भांडण थांबतं. तोंड भरलं की नळी काढतात.

आता तो बोलत नाही त्याबद्दल. तो तुमच्यावर रागावलेला नाही, ताई. प्रत्येक शब्दाला जीभ दातांना आणि गालाला घासते, म्हणून तो गप्प आहे. भिंतीकडे तोंड केलं की कुणी चमचा पुढे करत नाही, हेही त्याला कळलंय. त्याला बोलायला लावू नका. कागदावर पाच चेहरे काढा, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत, आणि आत्ता कोणता ते बोटानं दाखवायला सांगा. तोच कागद डॉक्टरांना फोनवर सांगायलाही उपयोगी पडेल. ब्रश त्याच्या हातात द्या, आरसा धरा, ‘थांब’ म्हणायची एक खूण ठरवा आणि त्यानं ती केली की खरोखर थांबा. दिवसभर सगळे त्याच्या अंगाशी काही ना काही करत असतात. एवढीशी सत्ता त्याच्या हातात आली की तो आपणहून तोंड उघडतो, हे मी कितीतरी मुलांमध्ये पाहिलंय. ‘खाल्लं नाहीस तर सुई टोचतील’ हे वाक्य मात्र घरात कुणाच्याच तोंडून येऊ देऊ नका.

हाल करतेय का, असं विचारलंत. नाही. हा आजार उपचारांशिवाय मूल ठेवत नाही. आणि मुलांमधला हा रक्ताचा कर्करोग उपचार पुरे केले तर बरा होणाऱ्या कर्करोगांत मोडतो. उपचार मधेच सुटले की तो परत येतो, आणि परत आलेला बरा करणं फार अवघड असतं. हाल होतायत ते दुखण्याचे, आणि त्यावर औषध तुमच्या कपाटात आहे.

पुढच्या सायकलीचा निर्णय घरी घेऊ नका. तारखेला जा. तोंड अजून सोललेलं असेल किंवा काउंट आले नसतील, तर डॉक्टर बहुतेक वेळा सायकल स्वतःहूनच थोडी पुढे ढकलतात, गरज पडली तर मात्राही बदलतात. त्यांना हे ठरवायला तुमच्याकडची माहिती लागते. म्हणून आजपासून एका वहीत लिहून ठेवा: पहिला फोड कधी दिसला, कोणत्या दिवसापासून घट्ट खाणं बंद झालं, कधीपासून पाणीही बंद झालं, लघवी किती वेळा, ताप किती, दुखण्याची औषधं कधी दिली. डॉक्टर तोंडाच्या जखमा शून्य ते चार अशा मोजतात. फक्त पातळ जातं तेव्हा तीन, तोंडावाटे काहीच घेता येत नाही तेव्हा चार. तुमच्या पत्रावरून तुमचा मुलगा तीन-चारच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि ‘तोंड आलं होतं’ एवढंच सांगितलंत तर ते त्यांना कळणार नाही.

पुढच्या सायकलीला भरती झाल्यावर दातांच्या डॉक्टरांना एकदा तोंड दाखवून घ्या. एखादा किडलेला किंवा टोकदार दात असेल तर तीच जागा दर वेळी आधी सोलते. सोडा-मिठाच्या चुळा औषध लागल्याच्या दिवसापासूनच सुरू करा, फोड यायची वाट बघू नका. शेजारच्या खाटेवरच्या मुलाला किमोच्या वेळी बर्फ चघळायला दिला आणि माझ्या मुलाला का नाही, असं मनात येईल. काही मिनिटांत दिल्या जाणाऱ्या ठरावीक औषधांनाच त्याचा उपयोग होतो. मेथोट्रेक्सेट तासन्‌तास चालतं, तितका वेळ बर्फ पुरत नाही. काही मोठ्या केंद्रांत कमी शक्तीच्या लेसर प्रकाशानं तोंड शेकतात, मुख्यतः बोन मॅरो बदलणाऱ्या मुलांना. तुमच्याकडे ती सोय आहे का, विचारायला हरकत नाही.

आणि घरी पाठवण्याआधी तीन गोष्टी लिहून घ्या. ल्युकोव्होरिनचे घरी द्यायचे डोस आणि त्यांच्या नेमक्या वेळा. दुखायला लागलं तर पहिलं औषध कोणतं, त्यानं भागलं नाही तर दुसरं कोणतं, किती वजनाला किती. आणि रात्री-अपरात्री उचलला जाईल असा फोन नंबर. तो डिस्चार्ज कार्डावर नसला तर वॉर्ड सोडायच्या आधी सिस्टरकडून मागून घ्या, आणि दिरांच्या फोनमध्येही घालून ठेवा.